ताईचं जपानी लाटणं

फोन शेजारच्या काकूंचा होता. "लवकर ये, बापू. सुमी गेली." आणि मी चक्क आनंदानं विचारलं, "कुठे?" नऊ वर्षांत सुमनताई गावी, रिठदला, बाबांच्या त्या खोलीतून कुठे गेलीच नव्हती... काकू रडायला लागल्या तेव्हा मला कळलं. सकाळी चहा ठेवता ठेवता ती कोसळली होती.

ताई वाशिमच्या शाळेत चित्रकला शिकवायची. बाबांना लकवा झाला आणि तिनं नोकरी सोडून रिठद गाठलं. वर्षभराचाच प्रश्न आहे, असं आम्ही दोघंही म्हणालो होतो. अमरावतीला तिच्यासोबत शिकलेली एक मैत्रीण जपानला असते. तिनं तिकडचं भिंतीवर टांगायचं लांबोळकं चित्र पाठवलं: रेशमी कापडावर चिकटवलेला कागद, त्यावर शाईनं काढलेला डोंगर, धुकं, आणि कापड ताठ राहावं म्हणून खाली लाकडी दांडा. बाबा तिरक्या तोंडानं हसले. "लाटणं कायले टांगलं वं भिंतीले?" तेव्हापासून ते लाटणंच झालं. जपानात म्हणे ऋतू बदलला की चित्र बदलतात. ताईकडे एकच होतं. मग उन्हाळा लागला की ती ते गुंडाळून पेटीत ठेवायची आणि चार महिने नुसता खिळा. "तेवढाच बदल," म्हणायची.

मैत्रीण बोलवत होती. ताईनं पासपोर्टही काढला. "बापू, पंधरा दिवस तू बस न बाबापाशी." मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की... नागपूरहून सणाला जायचो, उभ्या उभ्या बाबांची चौकशी करायचो आणि निघताना वर टोमणा, "ताई, खिळा केवढा खाली ठोकलास!"

"बसून पाहाचं अस्ते ते. तू बसतच नाही."

मी हसून चप्पल घालायचो. आता त्याची लाज वाटते.

दीड महिना झाला. ताई नाही हे बाबांना सांगितलंय, पण ते पुन्हा पुन्हा विसरतात. मी तिच्या खुर्चीत बसून असतो. काल पेज भरवताना समोर नजर गेली. डोंगराच्या पायथ्याशी, अगदी दांड्याच्या वर, नखाएवढा एक माणूस आहे. हातात काठी, वाटेला लागलेला... नऊ वर्षं मी फक्त डोंगर पाहिला. उन्हाळा लागलाय, चित्र गुंडाळायला हवं. हात धजत नाही.

"सुमे, बसली काय वं?" बाबांनी विचारलं.

"बसलो, बाबा."