नर्सबाई आणि दोन मंडळ्या

कुणी सलाम केला की नर्सबाई आधी त्याचं मनगट धरायच्या. नाडी बघून झाली की मग म्हणायच्या, "सलाम. झोपत नाय तू नीट." नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. आमच्या पाळकसाहेबांचं मनगटही त्यांनी चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत धरलेलं मी पाहिलं आहे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याचं बोलणं ऐकून राग येतो, आणि तरी आपण त्याच्याचकडे जातो.

छावणीतल्या आमच्या जुन्या लुथरन मंडळीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. चर्च दगडी, ऐसपैस; बाकं निम्मी रिकामी. तिकडं चिकलठाण्याला कारखाने वाढत होते. तिथं कामाला आलेल्या आमच्याच पंथाच्या कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये वेगळी मंडळी सुरू केली होती. त्यांना बसायला जागा पुरेना. दोन्ही मंडळ्या एक कराव्यात असं बोलणं निघालं.

सगळ्यांत मोठा विरोध नर्सबाईंचा. "आपल्या चर्चात त्यांची जत्रा भरवायची व्हय?"

"तुम्ही त्यांची उपासना पाहिलीय का?" मी विचारलं.

पुढच्या रविवारी त्या छत्री घेऊन सिटी बसनं एकट्याच तिकडं गेल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आल्या.

"लई बेसूर गातात," म्हणाल्या. "ढोलकीनं डोकं उठलं."

चहा संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "शेजारी एक बाई होती. नामांतराच्या दंगलीत तिचं गावाकडचं घर जाळलं. खाली पोतं टोचत होतं, तर तिनं अंगावरची शाल घडी करून मला बसायला दिली. मी कोण, कुठली, काही विचारलं नाय."

विरोधाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

दोन्हीकडचे पंच बैठकीला बसले. नर्सबाईही आल्या. जागा ठरली, वेळ ठरली, ढोलकीलाही मान्यता मिळाली. तेवढ्यात आमच्याकडचे एक जुने पंच म्हणाले, "प्रभुभोजनाला मात्र आता एक प्याला नको. ज्याचा त्याचा छोटा पेला आणू. तब्येतीच्या दृष्टीनं म्हणतोय."

आजवर आम्ही सगळे वेदीपाशी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेत आलो होतो. शेडकडची माणसं खाली बघू लागली. वेगळे पेले कशासाठी, ते कुणाला सांगावं लागलं नाही.

"जंतूंचं मला सांगू नका," नर्सबाई म्हणाल्या. "मी टीबीच्या वॉर्डात होते तेव्हाही रविवारी ह्याच प्याल्याला तोंड लावत होते. तेव्हा तुम्हाला भीती वाटली नाय."

"तसं नाही हो, बाई..."

"माझी आजी कुठल्या वस्तीतून मिशनमध्ये आली, मला माहीत आहे. तुमचीही माहीत आहे. सांगू?"

पंचांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. प्याला एकच राहिला.

एकत्र उपासनेचा पहिला रविवार आला. एरवी वेदीपाशी नर्सबाई सर्वांआधी जायच्या. त्या दिवशी बसून राहिल्या. चिकलठाण्याची माणसं, त्यांची म्हातारीकोतारी, सगळी प्याल्याला ओठ लावून परतली. ते जुने पंचही अजून बसूनच होते. नर्सबाई उठून त्यांच्या बाकाशी गेल्या. "चला," हळूच म्हणाल्या, "आपण दोघं मिळून जाऊ." दोघं सावकाश वेदीपर्यंत गेले. परतताना पंचांचे डोळे ओले होते. नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया त्यांच्यात होती.

पुढं काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात त्या गेल्या. पहिली पाळी सुटल्यावर चिकलठाण्याची माणसं कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच थेट कबरस्थानात आली. एक फिटर नळाखाली हात घासत राहिला, ग्रीस निघेना. पाळकसाहेब त्याच्यासाठी थांबले. शेवटी त्यानं हात तसेच पँटला पुसले, मूठभर माती उचलली, आणि पेटीवर आवाज होऊ नये म्हणून गुडघ्यांवर बसून, वाकून, अलगद खाली सोडली.