मामांचे न गेलेले मेल

शहाणपणा मिरवायची मला फार हौस. चाकणला ज्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये नेट धड दहा मिनिटं टिकत नसे. मेल उघडायला जावं तर स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत बसायचं. सगळे वैतागलेले. मी भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर उचलला आणि त्यावर काळ्या स्क्रीनची, फक्त अक्षरांची मेलची सोय बसवली. माउस नाही, चित्रं नाहीत. आलेले मेल नेट असेल तेव्हा उतरवून घ्यायचे, मग नेट गेलं तरी वाचता यायचे. लिहिलेला मेल रांगेत थांबायचा आणि नेट आलं की आपोआप निघायचा. आठवडाभर मी शेडमध्ये छाती काढून फिरलो.

ही सोय मनापासून शिकणारा एकच माणूस निघाला, क्वालिटीतले मामा. लातूरकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला सर म्हणायचे. त्यांच्या बायकोला लकवा झाला होता. मामांना थर्ड शिफ्ट लागली की ती चिखलीच्या खोलीत रात्रभर एकटी. कंपनीचं चिखलीतच एक गोदाम होतं, तिथं फक्त दिवसपाळी, आणि तिथली एक जागा रिकामी होणार होती. अर्ज हेड ऑफिसला मेलनंच करायचा होता. मामांकडे साधा बटणांचा फोन.

मी त्यांना त्या कॉम्प्युटरवर वेगळं लॉगिन करून दिलं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत त्यांनी अर्ज पुरा केला. खाली ‘मेल सेंट’ अशी ओळ उमटली, तेव्हा मला ओढत कॅन्टीनला नेऊन चहा पाजला.

उत्तर आलं नाही. मामा विचारायचे, “काय म्हणतेत सर, मोठे सायेब?” मी म्हणायचो, “हेड ऑफिसवाले असेच असतात, मामा. आठवण करून द्या.” त्यांनी दोनदा आठवण करून दिली. शेवटी ती जागा दुसऱ्याला मिळाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी डिस्क भरली म्हणून मी साफसफाईला बसलो, तर मामांच्या रांगेत तीन मेल पडलेले. रांगेतले मेल पाठवायची कमांड मी फक्त माझ्या लॉगिनला लावली होती. त्यांच्या लॉगिनला लावायची राहूनच गेली. माझे जात होते, म्हणून सगळ्यांचे जातात असं मी धरून चाललो. आणि ‘मेल सेंट’ म्हणजे मेल रांगेत पडला एवढंच, हे मला चांगलं ठाऊक होतं. मामांना ते सांगावं असं कधी सुचलंही नाही. तिसऱ्या मेलात त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या लिहिण्यात काही चुकलं असल्यास माफी असावी, साहेब.’

मी लगेच कमांड दुरुस्त केली, पण त्याआधी ते तिन्ही मेल पुसून टाकले. आता जाऊन काय उपयोग, असं स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच होतं, की ते जुन्या तारखांसकट निघाले असते तर माझं बिंग फुटलं असतं.

पुढच्या रविवारी मामांनी घरी बोलावलं, कॉम्प्युटर शिकवला म्हणून. टाळायला निमित्त सापडेना. मामी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. शब्द तुटत तुटत यायचे. मामांनी स्वतः पोहे केले होते.

“यांचंच... कायतरी चुकलं आसंल,” मामी म्हणाल्या.

“चुकलंच की,” मामा हसले. “भलतंच बटन दाबलं आसंल म्या. व्हय ना हो सर?”

दोघंही माझ्याकडे बघत होते. एका वाक्याचं काम होतं.

“असेल मामा,” मी म्हणालो. “होतं कधी कधी.” आणि पोह्यांच्या बशीत डोकं घातलं. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. ती वाटूनही तोंड उघडलं नाही, याची तर आजही वाटते.

“मग परत... शिकवा त्यांना,” मामी म्हणाल्या. “पुढच्या जागेला... चुकाय नको.”

मामा उठले, कपाटावरची कोरी वही काढली, पेन झटकलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले.

“सांगा सर, कुठं चुकलं माझं?”

मी सांगायला लागलो.