शेवटची पट्टी
तापलेल्या विटेचा वास आला की मला कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. तिथे बातमीसाठी गेलो होतो. संशोधन करणारी एक मुलगी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी भट्टीत तापवून यंत्रावर सावकाश ताणून घेत होती. अशा ताणाने धातूच्या आत बारीक पोकळ्या तयार होतात, त्या वाढून एकमेकींना मिळाल्या की पट्टी तुटते. तिला एकमेकींना न मिळालेल्या, सुट्या पोकळ्या बघायच्या होत्या आणि पट्टी ही शेवटची होती. आधीच्या सगळ्या तुटल्या होत्या, कारण यंत्र चालवणाऱ्या मामांना लांबी वाढताना बघून थांबववत नसे. पट्टी दुपटीच्या पुढे गेली तशी मुलगी म्हणाली, “मामा, बास.” “अवो, अजून ताणतीया की.” “गेल्या वेळी पण हेच म्हणालात.” “ती पट्टीच भिकार हुती.” तिने मामांचा हात सारून यंत्र बंद केलं आणि पट्टी चिमट्याने पाण्यात टाकली. मामा फुगून बसले. दुपारी पट्टीचा तुकडा कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर काळे ठिपके दिसले, सगळे सुटे सुटे. मुलगी मोठ्याने हसली. मग मामांनी डोळा लावला. “एवढी भोकं पडल्यात, तरी ताणतच हुती व्हय,” ते म्हणाले आणि जागा सोडेनात. मी फोटोसाठी थांबलो होतो. “थांबा की पावणं, बघू द्या.” शेवटी बातमीसोबत मामांच्या पाठीचा फोटो छापला गेला. मी काढलेल्या फोटोंत आजही मला तोच जास्त आवडतो.