बाबा आणि ताईची स्पोर्ट्स कार

बाबांनी उभी हयात मंठ्याच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली. मागच्या पावसाळ्यात ताई पुण्याहून तिची नवी स्पोर्ट्स कार घेऊन घरी आली आणि तिनं किल्ली थेट त्यांच्या हातात दिली. मागच्या चिमुकल्या सीटवर मी गुडघे दुमडून बसलो.

बदनापूरच्या अलीकडे एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल रस्त्यावर आणला होता. गाडीचं मागचं अंग सर्रकन घसरलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाचा आवाज दबला आणि गाडी आपोआप सरळ झाली.

"मी एक्सलेटरवर पाय दाबून राह्यलो, पण ही ऐकतच न्हाई!" बाबा म्हणाले.

"चाक घसरलं की कॉम्प्युटर इंजिनाचा जोर कमी करतो, बाबा. पाहिजे त्याच चाकाला ब्रेकही लावतो," ताईनं सांगितलं.

"मंग हे बंद करता येतं का?"

"येतं. पण तुम्हाला बटण दाखवणार न्हाई."

बाबा खळखळून हसले. आता ते गाडी ताईच्या हाती देतील असं मला वाटलं, पण त्यांनी आम्हाला सरळ बदनापूरच्या स्टेशनसमोर चहाला नेलं. तिथं गाडीभोवती जमलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, "माझ्या पोरीची हाय."