चव सांगायचं काम

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी भलतंच काहीतरी मागून येते. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच जमेल कदाचित.

मांजरसुंब्याच्या आमच्या हॉटेलात इटालियन मीटबॉल कोण करतं, असं कुणी विचारलं की मालक माझ्याकडे बोट दाखवतो. पुण्याची गिऱ्हाइकं फोटो काढतात. मी हसते. पण ते मला शिकवले शमीम खालाने. खाला गेवराईची, दुबईत एका इटालियन कुटुंबाकडे अकरा वर्षं स्वयंपाक करून आलेली. "कोफ्ताच हाय गं," म्हणायची, "मसाला कमी, सबर जास्ती." पाव दुधात भिजवून पिळायचा. खिमा कणकेसारखा तिंबायचा नाही, नुसता मिसळायचा. हात थंड पाण्यात बुडवून गोळे वळायचे. आणि सगळे वळायच्या आधी सुपारीएवढा एकच तळून चाखायचा.

तो चाखायचं काम माझं. कोरोनात खालाची चव गेली ती परत आलीच नाही, आणि हे तिने घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नव्हतं. फक्त मला. आम्ही दोघी कार्यांच्या ऑर्डरी घ्यायचो. ती अंदाजाने करायची, मी चाखून सांगायचे.

मग मालकाला नव्या फॅमिली रेस्टॉरंटसाठी आचारी हवा होता. आधी एकदा करून दाखवा, म्हणाला. खाला मुख्य, आणि "ही भाकऱ्या-भांडी बघंल." ही म्हणजे मी. माझ्या पोटात दुखलं — फार दुखलं. खाला त्यावर काहीच बोलली नाही, तेही मी मनात धरलं. पण हे सांगून मी काय सिद्ध करतेय? दुखतं सगळ्यांनाच. सगळे काही असं वागत नाहीत.

त्या दिवशी — कसं सांगू — तिथल्या डब्यात बारीक मीठ होतं. आम्ही खडे मीठ जाडसर कुटून वापरायचो. खालाने नेहमीची मूठ टाकली, आणि बारीक मीठ मुठीत जास्त बसतं. मी गोळा तळला, तोंडात टाकला. खारट जहर! फ्रीजमध्ये अर्धा किलो खिमा शिल्लक होता, पावही होता. दहा मिनिटांत निस्तरलं असतं. खाला माझ्या तोंडाकडे बघत होती. "बराबर हाय ना गं?"

मी मान हलवली. बरोबर आहे, म्हणाले.

मालकाने एक घास घेतला आणि "खाला, मीठ फुकट मिळालं काय?" म्हणून हसला. बाकीचेही हसले.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःची समजूत घातली असती — रागाच्या भरात झालं, म्हणून. पण खरं पुढेच आहे. मागे मोरीपाशी खालाने मला हळूच विचारलं, "तू तर चाखलं होतंस ना?" आणि मी — तिच्या डोळ्यांत बघून — म्हणाले, "चाखलं तवा बराबर होतं, खाला. तू नंतर परत टाकलं का काय?"

ती आठवायला लागली. जे घडलंच नव्हतं, ते आठवत उभी राहिली बिचारी. मग म्हणाली, "टाकलं असंल बाई. आता ध्यानात बी राहत न्हाई." आणि आत जाऊन तिनेच मालकाला सांगितलं — हिला ठेवा, हिची जीभ सच्ची हाय.

तेव्हापासून खालाने स्वयंपाक सोडला. मागच्या ईदला तिच्या घरी गेले होते. सगळं सुनेने केलं होतं; खालाला आता गॅसजवळ येऊ देत नाहीत, एकटीला बाजारातही पाठवत नाहीत. शेजारणीने विचारलं, "खाला, तुमी कावून करत न्हाई आता?" खालाने हसून दोन्ही तळवे दाखवले. "हात गेला माझा." मग कपाळाला बोट लावलं. "आन् हे बी."

मी तिच्या शेजारीच शीरखुर्मा खात बसले होते. तिचा हात गेला नव्हता. डोकंही गेलं नव्हतं. त्या खोलीत हे फक्त मला माहीत होतं. आणखी घे, म्हणाली खाला — आणि मी वाटी पुढे केली.