देवघेवीचं टेबल

सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी करिश्मा मडावी नव्या सार्वजनिक वाचनालयाच्या दालनात वर्तमानपत्रं मांडत होती. उद्घाटन काल झालं. वाचकांचा आज पहिला दिवस.

मागे एक लहान खोली आहे. तिचं दार वेगळं. इमारतीला वळसा घालून पाण्याच्या टाकीजवळून जावं लागतं. एटापल्लीकडच्या जंगलातल्या टोल्या-पाड्यांवरून येणाऱ्या माडिया गोंड मुलांनी तिथं बसायचं, असं वाचनालय समितीचे सचिव सुनिल बोरकुटे यांनी तिला तोंडी सांगितलं होतं. ही मुलं मराठी पुटपुटत वाचतात, बाकीच्यांना त्रास होतो, हे त्यांचं कारण.

"मग मी कुठी बसू, भाऊ? मी बी गोंडच."

"तू काऊन सोताले त्यायच्यात मोजतं? तू तं आपली आहेस."

करिश्मा तेव्हा कामाला लागली. चंद्रपुरात ग्रंथालयाचा कोर्स करून ती अशाच नोकरीची वाट पाहत होती. समितीनं तिला तात्पुरतं ठेवलं होतं. सचिवांनी मनात आणलं तर उद्या दुसरी कोणी या खुर्चीत बसेल.

आठला दालन बरंच भरलं. कापडाचे व्यापारी नूर मोहम्मद शेजाऱ्याला बातमी खड्या आवाजात वाचून दाखवत होते. त्यांना कुणी टोकलं नाही.

थोड्या वेळानं बुधरी पुंगाटी समोरच्या दारात आली. करिश्माच्या मामाच्या गावची ही माडिया मुलगी वनरक्षक भरतीची तयारी करते. तिनं चप्पल काढली. सुनिलभाऊंनी करिश्माकडे नुसतं पाहिलं.

"मागच्या दारानं ये," करिश्मा म्हणाली.

"काऊन, ताई? इथी तं जागा आहे."

करिश्मानं टाकीकडे बोट दाखवलं. बुधरीनं पुन्हा चप्पल घातली आणि टाकीकडे वळली.

करिश्मा बसून राहिली. मग उठली, पुस्तकांच्या कपाटांना कुलपं लावली. शिक्का, शाईचं पॅड, किल्ल्या आणि पुस्तकांचा एक गठ्ठा घेऊन ती दाराकडे निघाली.

"कुठी चालली?" सुनिलभाऊ.

"मागं. कोण कुठी बसाचं ते तुमी सांगितलं. देवघेवीचं टेबल कुठी ठेवाचं, ते नाई सांगितलं. ज्याले पुस्तक पाहिजे, त्यानं तिथी याचं."

"नोकरी जाईन, करिश्मा."

"माहीत आहे."

मागच्या खोलीत बुधरीसोबत आणखी दोन माडिया मुलं होती. करिश्मानं तिथलं टेबल खिडकीखाली ओढलं. दालनातले दोन वाचक रागानं घरी गेले. नूर मोहम्मद मात्र पायजमा वर धरून टाकीजवळच्या चिखलातून आले.

"पुस्तक घ्याले जंगलात यावं लागते म्हनते! चप्पल काढाची का राहू द्याची?"

"काढाची, चाचा."

ते बाकावर बुधरीशेजारी टेकले. ती पुटपुटायची थांबली.

"वाच ना, पोरी. मी तं दुकानातही वरडूनच बोलतो."

तेवढ्यात सुनिलभाऊ उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"उद्या अकराला समितीची बैठक. तुझाच विषय आहे. किल्ल्या दे."

"बैठकीत देईन, भाऊ. सगळ्यायसमोर."

तिनं किल्ल्या टेबलाच्या खणात टाकल्या. सुनिलभाऊ निघून गेले. बुधरी पुन्हा वाचू लागली, आधीपेक्षा जरा मोठ्यानं.

वाचनालय उद्याही आठलाच उघडेल. बैठक अकराला आहे. तोवर पुस्तकं मागच्या खोलीत मिळतील.