हापशीले लावलेलं कुलूप

राग आला की मी कुलूप लावतो. नोकरीत होतो तवा टेबलाच्या खणाले लावायचो, घरी कपाटाले. बायको गेल्यावर सहा महिन्यांनी आंगणातल्या हापशीले लावलं.

बालाघाटात आमच्या मोहल्ल्यातली जमीन रेताड, वैनगंगा काही फार दूर नाही. मोठं बोर करायची गरजच नव्हती. खाली टोक अन् जाळी असलेला पाइप घनानं जमिनीत ठोकायचा, त्याले दुसरा जोडायचा, पुन्हा ठोकायचा. पंचवीस फुटाले पाणी लागलं. घन मारायले दोन माणसं होती अन् सल्ला द्यायले सारा मोहल्ला. बायकोनं हापशीले हळदकुंकू लावलं, नारळ फोडला अन् मले न विचारता साऱ्या बायकायले सांगून टाकलं, "फाटक उघडंच राहते, या पाण्याले."

अन् त्या आल्या. सकाळी सहापासून पाण्याचे पितळी गुंड, बालट्या, भांडण, हसणं. कोणाची सासू कशी, कोणाची पोरगी गोंदियाले दिली, सारं तिथंच. मी पेपर वाचता वाचता आतून ओरडायचो, "अवो, हे घर आहे का बजार?" ती म्हणायची, "तुमाले काय तरास होते? तुमचं पाणी संपून राह्यलं का?"

ती गेली. बायका येतच राह्यल्या, पण आता मले पाहून गुपचूप भरायच्या. ते गुपचूप भरणं मले पाहवत नव्हतं. एक दिवस त्यायच्या साबणाच्या चिखलात माहा पाय घसरला अन् मी आडवा झालो. शेजारची सून धावत आली, "लागलं का काका?" म्हणाली. मी तिच्यावरच भडकलो. "ज्याले पाणी पायजे त्यानं आपली हापशी ठोकावी!" दांड्याले चेन घातली अन् कुलूप लावलं. खरं सांगतो, राग चिखलाचा नव्हता. जिच्यासाठी या बायका येत होत्या ती नाही, तरी गुंड भरूनच राह्यले, याचा राग होता.

कोणी भांडायले आलं नाही. पुढं घरोघरी नळ लागले अन् विषय मिटला. दोन वर्षं दूधवाल्याशिवाय माह्या फाटकाची कडी कोणी वाजवली नाही. पोरगा भिलाईहून फोन करते, "बाबा, सब ठीक है न?" मी म्हणतो, "हौ." झालं बोलणं. एकटं वाटते मले, लय एकटं वाटते, पण हे फोनवर कसं सांगावं?

या उन्हाळ्यात रस्ता खोदताना नळाची मोठी लाइन फुटली. तीन दिवस मोहल्ल्यात थेंब नाही. माह्या एकट्याले टाकीतलं पुरलं, पण बायका उन्हातान्हात चौकातल्या टँकरवर उभ्या. माह्या फाटकासमोरूनच जायच्या, एकीनंही आत पाह्यलं नाही. पहिल्या दिवशी मनात म्हटलं, बरी जिरली. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं, चेन फेकली, दांडा मारला. फस्स, फस्स. नुसती हवा.

किरनापूरकडचा एक म्हातारा मिस्तरी बोलावला. त्यानं हापशी खोलली. आतला चमड्याचा वायसर पाणी वर ओढते, तो वाळून चपलेच्या तळासारखा कडक झालता.

"चलाते नहीं थे क्या, बाबूजी?"

"नाही."

"चमड़ा है। चलेगा तो गीला रहेगा, गीला रहेगा तभी पानी खींचेगा। घर में कितने लोग हैं?"

"मी एकटाच."

त्यानं नवा चमडा तेलात भिजत घातला अन् बिडी ओढत बसला. दुपारून वायसर बसवला. मी वरून लोटाभर पाणी ओतलं, त्यानं दांडा मारला. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. मले असा आनंद झाला म्हणता! "जोरात हापस रे बाबा," म्हटलं, "मोहल्ल्याले ऐकू जाऊ दे."

"रोज पचास बार चलाना," असं बजावून तो गेला. मी शेजारी गेलो. कोणाच्या दारात स्वतःहून जायची माही ती पहिलीच वेळ. "सूनबाई, हापशी चालू झाली. टँकरवर काहून जाता? या."

"हौ काका, येतो ना," ती म्हणाली.

मी फाटक सताड उघडं टाकलं. हापशीभोवतीचं शेवाळ खराट्यानं घासलं. बायकायले संकोच नको म्हणून खुर्ची पार ओसरीच्या कोपऱ्यात नेली अन् बसलो. चार वाजता गल्लीत गलका झाला, "नल आ गया! नल आ गया!" घराघरातून बालट्यात पाणी पडायचा आवाज. थोड्या वेळानं सूनबाई फाटकातून डोकावली. "काका, नळ आला, तुमचा सोडून पाहा." बिचारी चांगल्या मनानं सांगायले आली होती. मी "हौ" म्हटलं.

आता रोज सकाळी पन्नास वेळा दांडा मारतो. पाणी पपईच्या झाडाले जाते, पपई मस्त वाढून राह्यली. पंचाईत होते ती तहान लागल्यावर. लोटा खाली ठेवला की भरते, पण हापशीचं पाणी आम्ही कधी लोट्यानं प्यायलोच नाही. बायको हापसायची, मी ओंजळ धरायचो. मग मी हापसायचो, ती प्यायची. तिच्यासंग इतकी वर्षं काढली, पण हापशीचं पाणी प्यायले दोघं लागतात हे माह्या डोक्यात कधी आलंच नाही. परवा मी जोरानं दहा-बारा वेळा दांडा मारला अन् या वयात पळत जाऊन धारेखाली ओंजळ धरली. चार थेंब हाताले लागले.